भिवराची भूक महाराजांनी घेतली

श्रीकेवळनाथ महाराजांचा मुक्काम त्या वर्षी शिळवणे गावी होता. गावाबाहेर उघडा खडकाळ माळ, माळावर भैरोबाचे देऊळ आणि देवळाच्या पाठीमागे दगडाची खाण. महाराज ओवरीत बसून असत. आल्यागेल्याला अंगारा देत, फारसे बोलत नसत. खाणीत दिवसभर घणाचे घाव पडत. कोणी विचारले, "महाराज, या आवाजात आपले ध्यान कसे लागते?" तर महाराज हसून म्हणत, "पोटासाठी माणूस दगड फोडतो आहे. याहून मोठा जप कोणता?"

त्या खाणीवर पाथरवटांची वस्ती होती. जाती, पाटे, वरवंटे घडवायचे आणि बाजाराला न्यायचे हा त्यांचा धंदा. येमाजी हा वस्तीचा म्होरक्या. अंगाने धिप्पाड, शब्दाचा पक्का, पण मोठा ताठ्याचा माणूस! त्याच्या घरात बायको सोनाई, मुलगा सटवा आणि सून भिवरा. त्या साली ज्वारी महाग झाली होती, घरात दाणे बेताचेच. येमाजीचा नियम ठरलेला होता: आधी घण उचलणारे जेवतील, मग घरातल्या बायका. पुरुषांची ताटे उचलली की सासू-सुनेच्या वाट्याला परातीतला चतकोर आणि कोरड्यासाच्या मडक्याच्या तळाचे पाणी येई. त्यातलाही मोठा तुकडा सोनाई सुनेकडे सारी आणि सून सासूकडे सारी. शेवटी तो कोणाच्या पोटात जाई ते देवच जाणे!

भिवराला दिवस गेले होते आणि ते भरत आले होते. तरी पहाटे दळण, मग पाणी, मग खाणीतल्या कपच्यांची पाटी डोक्यावर घेऊन चढण चढायची, हे काही सुटले नव्हते. दिवेलागणीला तिला घराचा उंबरा दिसत नसे, हात धरून आत न्यावे लागे. पण रोज पाण्याच्या खेपेला ती वाट वाकडी करून महाराजांचा कमंडलू भरून ठेवी आणि दुरूनच हात जोडी. महाराजांकडे तिने कधी काही मागितले नाही.

एके दिवशी सकाळी देवळासमोरच्या चढणीवर तिच्या डोक्यावरची पाटी कलंडली. कपच्या खळ्ळकन सांडल्या आणि त्यांच्यावरच भिवरा कोसळली. महाराज ओवरीतून धावत आले. त्यांनी तिच्या तोंडावर पाणी शिंपडले, पापणी उलटून पाहिली. आतला रंग चुन्यासारखा पांढरा होता. तोवर खाणीतले लोक गोळा झाले.

येमाजीकडे वळून महाराज म्हणाले, "येमाजी, पोर उपाशी आहे. ती दोन जिवांची आहे. आजपासून हिला आधी जेवू घाल."

येमाजी मोठ्याने हसला. "म्हाराज, तुमी लंगोटी लावून बसनार, तुमाला संसार काय ठावं? घरात भाकरी मोजून. घन कोन उचलतो? मी आन् सटवा. आमी पडलो तर समदंच उपाशी मरंल. बाईमानसाला भूक ती किती? चिमनीयेवढी!"

"पाटी तर तीच वाहते," महाराज म्हणाले.

हे ऐकून दोघेतिघे खाली मान घालून हसले. येमाजीचा चेहरा तापला. सटवा काही बोलेल म्हणून भिवराने पडल्यापडल्याच डोळे उघडून त्याच्याकडे पाहिले, पण बापासमोर त्याची जीभ उचलली नाही. येमाजी हात झटकत म्हणाला, "येवढी कनव येती तर तिची भूक तुमीच घ्या की, म्हाराज! म्हंजी माझ्या भाकरीबी वाचतील!"

महाराज क्षणभर भैरोबाकडे पाहत राहिले. मग त्यांनी भिवराच्या मस्तकावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "घेतली."

काय नवल सांगावे! भिवराच्या पोटातली आग त्या क्षणी विझली. ती उठून बसली, डोळ्यांपुढची अंधारी गेली. पण ओवरीकडे परतताना महाराजांचा पाय लटपटला, त्यांनी खांबाचा आधार घेतला.

दुसऱ्या दिवसापासून महाराजांची काया झरझर वाळू लागली. गालफडे बसली, बोटे थरथरू लागली. गाव घाबरले. कोणी दूध आणले, कोणी दहीभात, कोणी तुपातला शिरा. महाराज सारे खात, आणि खाऊन झाले की पूर्वीपेक्षा अधिक क्षीण दिसत. लोक रडू लागले, "महाराज, हे अन्न जाते तरी कुठे?"

महाराज म्हणाले, "ही भूक माझी नाही. जिची आहे तिच्या तोंडात घास पडेपर्यंत ती भागायची नाही. मी फक्त तिची कळ घेतली आहे. बळ अन्नानेच येते, ते मला देता येत नाही."

हा निरोप येमाजीच्या कानी गेला. तो म्हणाला, "समदं सोंग हाय. बुवाला शिरा गोड लागतोय." आणि त्या दिवशीही सासू-सुनेच्या परातीत चतकोरच पडला.

मग ती दुपार आली. भिवराला कळा सुरू झाल्या आणि थोड्याच वेळात थांबल्या. धुरपा सुईणीने पोटावरून हात फिरवला आणि तिचे तोंड उतरले. "सोनाई, मूल आडलंय. पोरीच्या अंगात कळ द्यायला ताकदच न्हाई. हिला कायतरी खाऊ घाल, अंगात ऊब यिऊ दे. उशीर केलास तर दोनी जीव हातचं जातील!"

घरात शिंक्यावर दोन भाकऱ्या होत्या, त्या पुरुषांच्या. मडक्यात थोडे हुलग्याचे पीठ होते, तेही उद्याच्या न्याहारीचे. सोनाईचा हात शिंक्यापर्यंत गेला आणि थबकला. इतक्या वर्षांत मालकाला न विचारता तिने त्या भाकरीला हात लावला नव्हता. ती तशीच उन्हातून अनवाणी देवळाकडे धावत सुटली, कारण महाराजांभोवती जमलेल्या लोकांत येमाजी होता.

देवळात महाराज घोंगडीवर पडून होते. श्वास चालला आहे की नाही कळत नव्हते. येमाजी पायरीवर उभा राहून म्हणत होता, "मी सांगत हुतो, ह्यो बुवा..." इतक्यात सोनाई धापा टाकत आली.

"अवं, पोर चालली! शिंक्यावरची भाकर देऊ का तिला? येकदा व्हय म्हना!"

"बाळंतपन काय भाकरीनं व्हतंय? आन् आमी सांच्याला काय दगड खायाचं?"

सोनाई मटकन खाली बसली. तेवढ्यात घोंगडीवरून क्षीण आवाज आला. महाराज म्हणाले, "येमाजी, मला जरा उठव. मीच जातो तिच्याकडे."

चार माणसांदेखत नाही म्हणवेना, म्हणून येमाजी पुढे झाला आणि त्याने महाराजांचा हात धरला.

हात धरला मात्र, येमाजी जागच्या जागी वाकला! पोटात कोणी छिन्नी-टाकी लावून घाव घालावेत तशी कळ उठली. घामाने अंग भिजले आणि भर दुपारी डोळ्यांपुढे काळोख दाटला. त्याने हात सोडवू पाहिला, सुटेना. "आई गं!" तो ओरडला आणि त्या शब्दासरशी त्याला कळले. ही एका पोरीची भूक नव्हती. तिच्याखाली दुसरी भूक होती, जुनी, मुकी, सोनाईची. आणि तिच्याही खाली आणखी एक होती. ती त्याने लगेच ओळखली. त्याची आई पोटाला ओले फडके करकचून बांधून निजायची. लहानपणी त्याने विचारले होते, तेव्हा ती म्हणाली होती, "उकडतंय रं, लेकरा."

महाराजांनी हात सोडला, पण पोटातली कळ गेली नाही. येमाजी रडत, ठेचकाळत घराकडे धावला. त्याने स्वतः चूल पेटवली. हुलग्याचे माडगे शिजवले, त्यात असेल नसेल तो गूळ टाकला आणि वाडगे घेऊन तो बाळंतिणीच्या दाराशी आला. सासऱ्याला पाहून भिवरा पदर सावरू लागली. तो म्हणाला, "माझ्यापुढं लाजू नगंस, लेकी. पी." धुरपाने तिला टेकून बसवले आणि घोटघोट पाजले. एकेक घोट तिच्या घशाखाली उतरे तशी येमाजीच्या पोटातली कळ ओसरे.

वाडगे संपले. पण कळ पुरती गेली नाही. येमाजी समजला. त्याने शिंक्यावरची भाकरी काढली आणि सोनाईपुढे ठेवली. "तू खा."

"तुमच्या आधी? मला घास गिळायचा न्हाई."

"मग मी भाईर बसतो," येमाजी म्हणाला, आणि तिची भाकरी संपेपर्यंत तो दाराकडे पाठ करून अंगणात बसून राहिला.

दिवस कलता कलता आतून रडण्याचा आवाज आला. धुरपा बाहेर येऊन भीतभीतच म्हणाली, "मुलगी झाली." येमाजीने एवढेच विचारले, "भिवरानं पुना कायी खाल्लं का?" उरलेली भाकरी खाणीवरून परतलेल्या सटवाने आपल्या हाताने शेजारणीने दिलेल्या दुधात कुस्करली आणि आत नेली.

आणि देवळात? ज्या घटकेला भिवराने पहिला घोट घेतला, त्याच घटकेला महाराज उठून बसले होते! मुखावर पूर्वीचे तेज आले होते.

येमाजी देवळाच्या पायऱ्या चढून आला आणि महाराजांपुढे हात जोडून बसला. म्हणाला, "म्हाराज, सुनंची भागली. बायकूची भागली. पर आईची भूक पोटात तशीच हाय. ती मरून गेली. तिला आता कसं खाऊ घालू?"

महाराजांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "ती आता भागायची नाही, बाळा. ती तुझ्याजवळच राहू दे. नात मोठी होईल, घरात ताटे मांडली जातील, तेव्हा ती तुला गप्प बसू देणार नाही."

ज्याने भर लोकांत महाराजांची थट्टा केली होती, त्या येमाजीने तिथेच महाराजांच्या चरणांवर मस्तक ठेवले. महाराजांनी उठवले तेव्हाच तो उठला.