अठ्ठ्याण्णव टक्के खूश

ब्रह्मपुरीच्या निवृत्त शिक्षिका यमुनाताई बोरकुटे अकरा वर्षं आपल्या ब्लॉगवर पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीतले शब्द जमवत होत्या. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. एके दिवशी ब्लॉगची सोय पुरवणाऱ्या कंपनीने लिहिण्याची सगळी मांडणीच बदलली आणि शब्द नि अर्थ एकमेकांत कालवून टाकले. ताईंनी सात पत्रं लिहिली. प्रत्येकाला एकच उत्तर आलं: ‘सवय होईल.’ ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढे कंपनीने नागपुरात ब्लॉग लिहिणाऱ्यांचा मेळावा भरवला. ताई पहिल्याच रांगेत बसल्या.

संचालक करमरकर ऐटीत म्हणाले, “जुनी मांडणी आम्ही काढलेली नाही. परत जायचं बटण आहे. पण शंभरातले दोघंच परत गेले. बाकीचे अठ्ठ्याण्णव नव्यावर खूश आहेत.”

ताई उठल्या. “साहेब, ते बटण जरा दाखवता का?”

“त्यात काय!” म्हणत करमरकरांनी मोठ्या पडद्यावर शोधायला सुरुवात केली. एक यादी उघडली, मिटली. दुसरी उघडली. पाच मिनिटं झाली, कपाळावर घाम आला, तरी बटण काही दिसेना. सभागृहात खसखस पिकली.

ताई मात्र हसल्या नाहीत. त्या रागाने म्हणाल्या,

“राहू द्या, साहेब. ज्यांना ते सापडलं नाही, त्यांना तुम्ही खूश म्हणून मोजलंत. आता तुम्हीही त्या अठ्ठ्याण्णवांतलेच. सांगा, खूश आहात का?”

आठवड्याभरात ते बटण पहिल्या पानावर आलं.