टचिंगचा कुंचला

फोटो काळे-पांढरे निघत, त्या काळी एका स्टुडिओतल्या टचिंगच्या कुंचल्याला स्वतःच्या कसबाचा फार अभिमान होता. चेहऱ्यावरचा एकही डाग तो ठेवत नसे.

एकदा समुद्रात बुडालेल्या एका तांडेलाचा, मासेमारी होडीच्या म्होरक्याचा, फोटो त्याच्यापुढे आला. कुंचला भुवईवरच्या व्रणाकडे वळला.

"तो राहू दे," फोटो म्हणाला. "लहानपणी पडलो, तेव्हा आईने तिथे हळद दाबली होती."

"भिंतीवर लागायचंय तुला. नीटनेटकं नको दिसायला?" असं म्हणत कुंचल्याने व्रण पुसून टाकला.

तांडेलाची आई फोटो न्यायला आली. तिने भुवईवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग फोटो हलकेच परत ठेवत ती फोटोग्राफरला म्हणाली, "हा दुसऱ्याच कुणाचा दिलास, बाबा."

आणि बाकावर बसून ती आपल्या मुलाची वाट पाहू लागली.