हौसाईचा कोपरा

फार वर्षांपूर्वी, कवठेमाळावर अजून पायवाटसुद्धा धड नव्हती तेव्हा, तिथे हौसाई नावाची एक सून नांदत होती. त्या काळात माळावर ज्वारी उगवायची, पण वाढायची नाही. चार पानं आली की एक बारीक माशी पानाखाली अंडी घालायची, अळी आत शिरायची आणि मधला पोंगा, कोवळ्या पानांची सुरळी, वाळायचा. ओढला तर अलगद हातात यायचा. दरवर्षी एखादं घर माळ सोडून जायचं.

लोक बियाणं राखायचे ते भरदार कणसांचं. पेरायचे लवकर, माशी वाढायच्या आत. हौसाईनं उलटं केलं. सगळ्यांची पेरणी उरकल्यावर, माश्यांचा ढग उठलेला असताना, तिनं शेताच्या कोपऱ्यात मूठभर ज्वारी टाकली.

बांधावरून शेजारचे धोंडीनाना हसले. “सूनबाई, माशीला पंगतीला बोलावलंस काय?”

“हो नाना. ती जे टाकून उठेल, ते मला पाहिजे.”

माशी जेवली. कोपरा वाळला. उरली ती ज्वारीची मोजकी ताटं, चकचकीत पानांची, खालून बोटाला खरखरीत लागणारी. त्यांची कणसं बोटाएवढी होती.

सासू म्हणाली, “हे बी? कोंबडी तोंड लावायची नाही याला!”

हौसाईनं तेच जपलं. पुढल्या वर्षी पुन्हा उशिरा पेरलं, वाचलेल्यांतली जरा भरलेली कणसं निवडली. असं करता करता तिचे केस पांढरे झाले, असं म्हणतात.

मग एका साली हौसाईचा कोपरा सोडला तर माळावर एकही पोंगा हिरवा राहिला नाही. घरात हौसाईचं बियाण्याचं मडकं तेवढं होतं. म्हाताऱ्या सासूनं जातं पुसून ठेवलं.

हौसाई म्हणाली, “आत्याबाई, हे दळलं तर आठवडाभर खाऊ. पुढं?”

“आणि नाही दळलं, तर पुढं बघायला उरणार कोण गं?”

हौसाईनं मडकं सासूच्या मांडीवर ठेवलं आणि ती रानभाजी खुडायला गेली. परत आली तेव्हा मडक्याचं तोंड शेणामातीनं लिंपलेलं होतं आणि सासू त्याला टेकून बसली होती. तिनं कुणाला हात लावू दिला नाही. पुढली पेरणी बघायला ती राहिली नाही.

हौसाईनं ते बी घरोघर मूठमूठ वाटलं. माश्यांचा ढग आला, शेतांवरून घोंघावत फिरला, पण एकाही पानावर त्यांचा पाय ठरेना. शेवटी ढग डोंगरापलीकडे गेला आणि माळ उन्हात आरशासारखा चमकत राहिला, असं म्हणतात. हौसाई कधी गेली हे कुणाला ठाऊक नाही. कुणी सांगतं, ती उभ्या ज्वारीत शिरली ती बाहेर आलीच नाही.

कवठेमाळावर आजही पेरणी उरकली की घरची सून कोपऱ्यात मूठभर ज्वारी टाकते. तिथे फवारणी नाही, राखण नाही. एखाद्या घरच्या कोपऱ्यात काहीच उरलं नाही, तर शेजारीण न बोलावता येते आणि आपल्या कोपऱ्यातलं एक कणीस उंबऱ्यावर ठेवते. त्या घरची सासू ते ओटीत घेते, आणि बियाण्याच्या मडक्याचं तोंड स्वतःच्या हातानं लिंपते.