पाहुण्यांचे गाव

एका गावात एक विणकर राहत असे. गाव सत्तर उंबऱ्यांचे, मेंढरे राखणाऱ्यांचे. आणि त्या सत्तर उंबऱ्यांतली प्रत्येक घोंगडी त्याच्या नाहीतर त्याच्या वडिलांच्या मागावरून उतरलेली होती.

त्या गावात घोंगडीला पांघरुणापेक्षा मोठा मान होता. गावाला राजा नव्हता. दर पंधरवड्याला सगळे चावडीत जमत आणि तळ्याचे पाणी कुणाला किती, कुरण केव्हा मोकळे करायचे, हे आपसांत ठरवीत. बैठकीला येताना प्रत्येक घराने आपली घोंगडी खांद्यावर टाकून आणायची, आपल्या हाताने अंथरायची आणि तिच्यावर बसून बोलायचे, अशी रीत होती. नवी चूल मांडली गेली की विणकर त्या घरासाठी वेगळ्या काठाची घोंगडी विणी, आणि त्या दिवसापासून ते घर गावात धरले जाई. विणकराला याचा अभिमान वाटे. गावातली माणसे देव घडवतो आणि घरे मी, असे तो थट्टेने म्हणे.

घोंगडी अंथरलेली असली म्हणजे ते घर हजर, आणि हजर घर गप्प राहिले म्हणजे त्याचा होकार, असा नियम होता. परगावचा कुणी आला तर तो ज्याच्या घोंगडीवर बसे त्याचा पाहुणा ठरे. पाहुण्याने पाणी प्यावे, ऐकावे, पण गावाच्या कामात बोलू नये. परक्याने येऊन गावाचा निकाल फिरवू नये, यासाठी पूर्वजांनी ही काळजी घेतली होती.

पुढे गावापासून दोन कोसांवर एका पेढीने कापड रंगवण्याची रंगशाळा उघडली. पेढीचा मालक कुणी पाहिला नव्हता. कुणी म्हणे तो समुद्रापलीकडे राहतो. कुणी म्हणे मालक एक नाहीच, शंभर आहेत आणि तेही एकमेकांना ओळखत नाहीत. गावात येई तो पेढीचा मुनीम. गोड बोलणारा, कुणाच्या मुलीचे लग्न कधी आहे हेही लक्षात ठेवणारा. वर्षभर त्याने कुणाकडे काही मागितले नाही. बैठक चालवणाऱ्या पाटलांच्या घोंगडीच्या कडेला पाहुणा म्हणून बसे आणि ऐके.

त्याच्या एवढे लक्षात आले की लोक कंटाळले आहेत. एका बांधावरून दोन भावांचे भांडण दुपारपर्यंत चाले, मागच्या रांगेत जांभया सुरू होत आणि परतताना जो तो खांद्यावरच्या ओझ्याला नावे ठेवी.

एके दिवशी त्याने पाटलांना हळूच सुचवले, की घोंगड्या चावडीतच राहू द्याव्यात. त्या अंथरायला आणि उचलायला पेढी माणूस ठेवील. पाटील नियमाला जपणारे गृहस्थ होते. घोंगडी ज्याची त्यानेच अंथरावी ही रीत खरी, पण तसे न केल्यास काय, हे कुणी ठरवून ठेवले नव्हते. त्यांनी गावाला विचारले. गावाने सुटकेचा श्वास टाकला.

पेढीने त्या कामावर विणकरालाच नेमले. दर महिन्याला पायलीभर ज्वारी ठरली. घरी बायकोने विचारले, “अहो, अंथरायचं काम ज्याचं त्याचं होतं ना?”

“अंथरायला काय अक्कल लागते?” विणकर म्हणाला.

हळूहळू बैठकीला येणारे कमी झाले. घोंगड्या अंथरलेल्या असतच, म्हणजे घरे हजरच होती. एका सकाळी चावडीत पाटील, मुनीम आणि दारात उभा विणकर एवढेच उरले. गावात मीठ पेढीच्याच दुकानातून विकले जावे, असा ठराव मुनिमाने लिहून पाटलांच्या हाती दिला. पाटलांनी रिकाम्या घोंगड्यांकडे पाहून हरकत विचारली. अर्थातच कुणाची नव्हती. विणकराला हसू आवरेना. त्याने ती गंमत गावभर सांगितली आणि गावही हसले. शेजारचा धनगर म्हणाला, “माझी घोंगडी माझ्यापेक्षा शहाणी आहे. ती भांडत नाही.”

पुढच्या पावसाळ्यात पेढीच्या गाड्यांसाठी कुरणातून रस्ता काढायचे ठरले. तेही घोंगड्यांनीच ठरवले.

ऊन न दाखवता पडून राहिलेल्या लोकरीला कसर लागते. हे विणकराला ठाऊक होते. पण घोंगड्या झटकणे त्याच्या कामात सांगितलेले नव्हते. त्यांना भोके पडली तेव्हा मुनिमाने रंगशाळेतून लाल, मऊ सतरंज्या आणल्या, प्रत्येक घरासाठी एक, फुकट. जुन्या घोंगड्या एका गाडीत भरून गेल्या. विणकराचा माग थांबला आणि त्याची ज्वारी दोन पायल्या झाली. त्याने मागावर गोणपाट टाकले.

गावाच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहत असे. तिने आपली घोंगडी चावडीत कधी ठेवलीच नव्हती. बैठक असली की ती घेऊन येई, कोपऱ्यात बसे, ऐकू नीट येत नसे म्हणून बहुतेक वेळा गप्प बसे आणि तशीच परत जाई. ती एकदा फाटलेली घोंगडी घेऊन विणकराकडे आली.

“दोन टाके घाल, लेका.”

“आजी, मऊ सतरंजी फुकट मिळतेय. ही टोचणारी कशाला?”

“टोचते म्हणूनच. बैठकीत झोप लागत नाही.”

विणकर हसला. माग झाकलेला आहे, पुढच्या आठवड्यात बघू, असे त्याने सांगितले. पुढचा आठवडा आला नाही. म्हातारीने सुतळीने स्वतःच टाके घातले.

मग एका बैठकीआधी दवंडी पिटली गेली: गावचे तळे रंगशाळेला द्यावे, असा ठराव येणार आहे. भोवती कुंपण पडेल आणि गावाने नदीवरून पाणी आणावे. नदी दीड कोसावर होती.

तेव्हा गाव जागे झाले. त्या रात्री विणकराची बायको रिकामी घागर पुढ्यात ठेवून बसली. विणकराला तळ्याकाठचा तो दगड आठवला, ज्याच्यावर त्याचे वडील लोकर धूत आणि ज्याला मधोमध त्यांच्या हातांनी खोलगट केले होते. त्याने ठरवले की उद्या आपण बोलायचे.

सकाळी त्याने नेहमीप्रमाणे सतरंज्या अंथरल्या. कितीतरी वर्षांनी चावडी भरली. धनगर आला, भांडणारे दोघे भाऊ आले, बायका दारापर्यंत उभ्या राहिल्या. मुनिमाने दिलेला ठराव वाचला गेला. पाटलांनी हरकत विचारताच विणकर उभा राहिला.

“पाटील, माझी हरकत आहे. तळं आमच्या आज्यापणज्यांनी खणलंय.”

मुनीम नम्रपणे म्हणाला, “पाटील, पाहुणे बोलताहेत.”

चावडीत कुजबुज झाली. मुनिमाने पुढे होऊन विणकराच्या सतरंजीचा कोपरा उलटला. मागे पेढीचा शिक्का होता. असाच शिक्का सगळ्यांच्या खाली होता. आजवर कुणी उलटून पाहिले नव्हते इतकेच. सतरंज्या पेढीने दिल्या होत्या, पण दिल्या होत्या बसायला. पेढीने त्या कुणाच्या नावे केल्या नव्हत्या.

पाटलांनी वाकून आपल्याही सतरंजीचा कोपरा उलटून पाहिला. “दुसऱ्याच्या सतरंजीवर बसलेला पाहुणा,” ते शेवटी म्हणाले, “आणि पाहुण्यानं बोलू नये. रीत मी केलेली नाही.”

धनगर ताडकन उठून भुईवर बसला. भुईवर बसलेले घर गावात धरले जात नाही, असे पाटलांनी त्याला खालच्या आवाजात सांगितले. रीत मोडा, असे मागून कुणी म्हणाले. पण रीत बदलायची तरी बैठकच लागते, आणि बैठकीत बोलायला आपली घोंगडी. शिवाय मीठ पेढीचे होते, रस्ता पेढीचा होता. आवाज विरला.

तेवढ्यात कोपऱ्यातून म्हातारी उठली. तिच्या पायाखाली सुतळीने शिवलेली घोंगडी होती.

“मला नीट ऐकू आलं नाही,” ती म्हणाली, “पण तळ्याचं असेल तर माझी हरकत आहे.”

पाटलांनी तिची हरकत रीतसर नोंदवली. बाकीच्या एकोणसत्तर सतरंज्या अंथरलेल्या होत्या, गप्प होत्या आणि पेढीच्या होत्या. एक हरकत आणि एकोणसत्तर होकार. तळे पेढीकडे गेले.

म्हातारीने घोंगडीची घडी केली, खांद्यावर टाकली आणि बाहेर पडताना विणकरापाशी थांबली. “एवढ्या विणल्यास,” ती म्हणाली. “एक तरी ठेवायची होतीस, लेका.”

विणकर घरी आला. त्याने मागावरचे गोणपाट ओढून काढले, पंधरवडाभर गावात हिंडून उरलेली लोकर गोळा केली आणि ती धुवायला तळ्याकडे निघाला. एक घोंगडी विणली तर एक घर बोलेल, सत्तर विणल्या तर गाव बोलेल, असा हिशेब तो वाटभर करीत होता. तळ्याभोवती काटेरी कुंपण पडले होते. पाणी सतरंज्यांच्या रंगाचे झाले होते. फाटकावर पेढीने राखणदार बसवला होता, आणि तो शेजारचा धनगरच होता; कुरणातून रस्ता गेल्यापासून त्याच्याकडे मेंढरे उरली नव्हती.

धनगराने लोकरीच्या बोचक्याकडे पाहिले, मग विणकराकडे. त्याला सगळे समजले होते.

“परत जा, पाहुणं,” तो म्हणाला.

तात्पर्य: आपला अधिकार दरवेळी स्वतः वाहून न्यावा लागतो. ज्या गावाला त्याचे ओझे वाटते, त्याच्या दारात तो वाहून नेणारा कुणीतरी आधीच उभा असतो. आणि पुढे तो परत मागायला गेलेले गाव आपल्याच घरात पाहुणे ठरते.