ओल्या गोवऱ्यांचा धूर

पूर्वी एका नदीकाठी एक वृद्ध खगोलज्ञ राहत असत. ज्ञान अगाध, पण खोड्याही तेवढ्याच. शिष्य दुर्बिणीला डोळा लावून बसला, की मागून हळूच त्याची शेंडी खुंटीला बांधायची, हा त्यांचा नित्यनेम.

त्या काळी विद्वानांत एकच गवगवा होता. दूरचे, फुटणारे तारे हिशेबापेक्षा मंद दिसतात. म्हणजे ते जास्त लांब गेले. म्हणजे विश्व वाढत्या वेगाने फुगते आहे. फुगवतो कोण? ठाऊक नाही. म्हणून नाव ठेवले, कृष्ण ऊर्जा. नाव ठेवले की कळल्यासारखे वाटतेच. बारशाच्या घुगऱ्या तुम्हीआम्हीही खाल्ल्यात!

शिष्याला हे पटेना. "गुरुजी, ऊर्जाबिर्जा काही नाही. वाटेतली धूळ प्रकाश गिळते, म्हणून तारे मंद दिसतात. उद्या सभेत ठणकावून सांगणार." उभ्या तारुण्याची जागरणे त्या एका वाक्यात होती.

"शाब्बास रे वाघा! जा, ओल्या गोवऱ्या आण."

शिष्याला वाटले, सत्काराचा स्वयंपाक! तो पाटी भरून घेऊन आला. तिन्हीसांजेला गुरूंनी नावाड्याकडून पैलतीरी पणत्या लावून घेतल्या आणि ऐलतीरी गोवऱ्यांचा असा धूर केला की बगळेही शिंकले असतील.

"दिवे कसे दिसतात?"

"मंद," शिष्य खोकत म्हणाला.

"आणि रंग?"

"एरवीपेक्षा तांबूस."

"तुझ्या ताऱ्यांवर अशी धुरकट लाली चढलीय?"

खोकला थांबला. तारे त्याने स्वतःच निरखले होते. धुळीने प्रकाश गिळला असता, तर ही लाली तिथेही चढली असती; ती नव्हती. डोळ्यांतले पाणी धुराचे की कसले, ते गुरूंनी विचारले नाही.

"बाळा," ते म्हणाले, "बंद घरावर पाटी लावली म्हणून आत कोण आहे ते कळत नाही, आणि पाटी पटली नाही म्हणून घर आपले होत नाही. दुसऱ्याच्या कल्पनेचे कान सगळेच पिळतात. स्वतःच्या लाडक्या लेकराला धुरात उभे करतो, तो शोधक. उद्या सभेत सांग, धुळीने भागत नाही. मागून येणाऱ्याचा एक हेलपाटा वाचेल. मग दूरवर गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलतो का, ते पाहू."

शिष्याने तसेच सांगितले. टाळ्या पडल्या नाहीत.

गुरू गेले त्याला आता तप उलटले. शिष्याचीही दाढी पिकली. कृष्ण ऊर्जेची पाटी लावलेले ते घर अजून बंदच आहे. परवा एक तरुण धावत आला, "आचार्य, सापडले! कृष्ण ऊर्जेची गरजच नाही!"

"शाब्बास रे वाघा. ओल्या गोवऱ्या आण."

धूर उठला. सवयीने म्हाताऱ्याचा हात शेंडीकडे गेला. ती मोकळीच होती. हात मात्र बराच वेळ तिथेच राहिला.