पायाळूची पाठ

"आक्का, लाथ मारणार का न्हाई, तेवढं सांगा."

विचारणारा माणूस मठाच्या ओट्याला एका हातानं धरून उभा होता. दुसरा हात कमरेवर. त्याला बसता येत नव्हतं आणि उभंही राहवत नव्हतं.

हा दौलत वस्ताद. मल्लखांब शिकवण्यात त्याचं मोठं नाव होतं, आणि नावापेक्षा तोरा मोठा होता. देवापुढेसुद्धा तो मान जेमतेम लववायचा. तोच आज लाथ मागायला आला होता. तीही एका म्हातारीची.

निलाक्का ओट्यावर वाती वळत बसली होती. सत्तरी उलटली तरी पाठ ताठ. निलाक्का पायाळू होती, म्हणजे जन्मताना तिचे डोक्याआधी पाय बाहेर आले होते. पायाळू माणसानं पाठीत लाथ घातली की भरलेली उसण निघते, हा आपल्याकडचा जुना समज. त्यामुळे मठात देवाच्या दर्शनाला थोडी माणसं येत, आक्काच्या लाथेला जास्त.

"डाक्टरकडं गेला हुतास?" आक्कानं मान वर न करता विचारलं.

"गेलो. मणक्यातली गादी सरकलीय म्हणाला."

"पाय बधिर पडतोय का? लघवीला काय तरास?"

"न्हाई."

"मग बरं. तसलं काय असतं तर आल्या पावली तुला दवाखान्यात धाडला असता. आपरेशन सांगितलंय?"

"नको म्हणाला."

"मग औषध काय दिलं?"

वस्ताद इकडेतिकडे बघू लागला. सांगायची लाज वाटत होती.

"चाल म्हणाला."

"काय?"

"चाल म्हणाला, आक्का! रोज सकाळी चाल. लई बसू नको, लई पडूनबी राहू नको. उताणं पडून एकेक गुडघा पोटाशी घे... तान्ह्या पोरागत! मी खांबावर उलटा लोंबकाळणारा माणूस, आणि मला ह्यो चालायला शिकवतोय!"

"मग चाललास? गुडघं पोटाशी घेतलंस?"

वस्ताद ओट्याची कड नखानं खरवडू लागला.

आक्कानं एक वात वळून पूर्ण केली आणि दुसरी घेतली.

"आक्का, मला लहान औषध नको," वस्ताद म्हणाला. "पोरांच्या म्होरं खांबावर अडकलो. वरनं खाली येता येईना. पोरांनी झेलून उतरवला मला. तवापासनं तालमीत पाऊल टाकलं न्हाई. पोरं दारात येत्यात, बायको सांगती, गावाला गेल्यात म्हणून. मी आत पडून ऐकतो... खांबावर चढता येणार नसंल तर मी कशाचा वस्ताद?"

आक्का उठली. शेजारची काठी खाली पडली. पाडली, असं म्हणणंच खरं.

"दे रे तेवढी."

वस्ताद सवयीनं कमरेतून वाकला आणि अर्ध्यातच आई गं करून थिजला.

"खांबावरनं उडी घेताना पोरांना काय सांगतोस?"

"गुडघं वाकवा म्हणून."

"कशापायी?"

"न्हाईतर समदा दणका मणक्याला..."

तो बोलता बोलता थांबला. मग पाठ सरळ ठेवून, गुडघ्यांत वाकून सावकाश खाली बसला. काठी अंगाशी घेतली आणि तसाच उठला. कळ आली, पण ओरडावं लागलं नाही.

"चल," आक्का म्हणाली. "माळावरच्या म्हसोबाला दिवा लावून येऊ. लाथेचं मग बघू."

ऊन अजून कोवळं होतं. आक्का काठी काखेत मारून पुढे चालली होती, वस्ताद मागून पाय ओढत. चांगला गडी म्हातारीच्या मागं राहतो, याची त्याला भारी चीड आली. त्यानं पाय उचलले.

"सावकाश. म्हसोबा काय पळून जात न्हाई."

"काठी टेकत का न्हाई तुम्ही?"

"कुत्र्यांसाठी हाय ती."

थोडी वाट सरली.

"पोरांनी झेलला म्हणालास. पाडला न्हाई?"

"छ्या! दोघांनी खांद्यावर घेतला, एकानं मान धरली, एकानं कंबर. पाठीला हिसका म्हणून बसू दिला न्हाई."

"कुणी शिकवलं त्यास्नी?"

वस्तादला एकदम भरून आलं. त्या दिवसाची आठवण आजवर त्याला फक्त जाळत आली होती. आज पहिल्यांदा त्याला त्या पोरांचे हात आठवले.

माळाच्या चढावर त्यानं विचारलं, "आक्का, तुमची पाठ कधी दुखली न्हाई?"

"दुखली की. तुझ्याएवढी हुते. आख्खा पावसाळा अंथरुणात काढला. ज्वारीचं पोतं दोघींनी उचलायचं, ते मी एकटीनं उचललं."

"कशापायी?"

"बघायला बायका हुत्या ना चार."

वस्ताद हसला. हसताना पाठीत चमक निघाली, तरी हसला. घरात त्याचं हसणं ऐकून कैक दिवस झाले होते.

म्हसोबाशी वारा होता. दिवा धरेना. वस्ताद गुडघे वाकवून दगडापुढे बसला आणि दोन्ही हातांचा आडोसा केला. त्या तोऱ्याच्या माणसाला इतकं खाली बसलेलं गावानं कधी पाहिलं नव्हतं. वात पेटली.

"उद्या येतो परत," तो म्हणाला.

"लाथ खायला?"

"दिवा लावायला... आणि संध्याकाळी तालमीत जाऊन बसीन म्हणतो. चढायचं न्हाई. बघायचं नुसतं."

"नुसतं बसू नको. फेऱ्या मारत बघ."

दोघं माघारी वळली. मठाचा ओटा दिसू लागला तेव्हा वस्तादला एकाएकी काहीतरी आठवलं.

"आक्का, तवा तुम्हाला लाथ कुणी मारली?"

"कोण मारणार? पंचक्रोशीत पायाळू एकच."

"कोण?"

"मीच की."

वस्ताद वाटेतच उभा राहिला.

"मग... बऱ्या कशा झाला?"

"माझा पाय माझ्या पाठीपत्तुर पोचंना, बाबा," आक्का चालता चालताच म्हणाली. "वाटंपत्तुर पोचत हुता."