टुबकी आणि घरगाडीचा पंप

घुर्रर्र... टक! घुर्रर्र... टक!

हा आवाज टुबकीने पहिल्यांदा ऐकला, त्याला फार दिवस झाले. तेव्हा तिला शेपूट होतं. आता तिला चार पाय आहेत. आता ती बेडकी आहे. हिरवी, इवलीशी, बोराएवढी.

फणसाखाली एक घरगाडी उभी असे. गाडीच्या पोटात घर. घरात ओटा. ओट्यावर नळ. गाडीचा पंप घुर्र करी. नळाला पाणी येई. नळाचं पाणी नळीतून खाली टपके. टप टप टप. खाली टुबकीचं डबकं.

एके दिवशी घुर्र नाही. टप नाही. डबकं झालं बशीएवढं. मग झालं झाकणाएवढं. टुबकीची पाठ सुकू लागली. पाठ सुकली, की बेडकीला उडी मारता येत नाही.

टुबकी निघाली. टुबुक टुबुक. पंपाकडे गेली.

"पंपा, पंपा, घुर्र कर. पाणी टपकेना, टुबकीचं अंग भिजेना!"

पंप म्हणाला, "माझं रबर फाटलंय. मिस्त्रींना नवं बसवू दे. मग मी घुर्र करीन."

टुबुक टुबुक. टुबकी रज्जाकमिस्त्रींकडे गेली.

"मिस्त्रीचाचा, मिस्त्रीचाचा, रबर बसवा. पंप घुर्र करेना, पाणी टपकेना, टुबकीचं अंग भिजेना!"

मिस्त्री म्हणाले, "अगं पोरी, पंपाला लाल सील आहे. पंप बिघडला तर नवं रबर फुकट, असं कंपनीचं वचन आहे. त्याला म्हणतात वॉरंटी. कंपनीला न विचारता सील तोडलं, तर वचन मोडलं. दुकानातल्या शेठना रबर देऊ दे. मग मी सील तोडीन."

टुबुक टुबुक. टुबकी दुकानात गेली. गांगणशेठच्या वजनकाट्यावर बसली. काटा हललासुद्धा नाही.

"शेठ, शेठ, रबर द्या. मिस्त्री सील तोडेना, पंप घुर्र करेना, पाणी टपकेना, टुबकीचं अंग भिजेना!"

शेठ हसले. "गिऱ्हाईक एवढंसं आणि तक्रार केवढी! कंपनीच्या ताईला हो म्हणू दे. मग मी रबर देईन. तो बघ फोन."

टुबकीने फोनवर उडी मारली. टुबुक! ट्रिंग ट्रिंग!

"ताई, ताई, हो म्हण. शेठ रबर देईना, मिस्त्री सील तोडेना, पंप घुर्र करेना, पाणी टपकेना, टुबकीचं अंग भिजेना!"

ताई म्हणाली, "तुमची तक्रार आमच्यासाठी फार महत्त्वाची आहे. पंपावर नंबर असतो. नंबर दिसू दे. मग मी हो म्हणेन."

टुबुक... टुबुक. ऊन वाढलं होतं. टुबकी परत पंपाकडे आली.

"नंबरा, नंबरा, बाहेर ये. ताई हो म्हणेना, शेठ रबर देईना, मिस्त्री सील तोडेना, पंप घुर्र करेना, पाणी टपकेना, टुबकीचं अंग भिजेना!"

नंबर म्हणाला, "कसा येऊ? खंडेनवमीला येसाजीकाकांनी पंपाची पूजा केली. बोटभर कुंकू लावलं, ते नेमकं माझ्या तोंडावर! काकांना कुंकू पुसू दे. मग मी दिसेन."

टु...बुक. टु...बुक. येसाजीकाका गाडीचे ड्रायव्हर. ते पायरीवर बसले होते. सकाळपासून त्यांना चहा नव्हता.

"काका, काका, कुंकू पुसा. नंबर दिसेना, ताई हो म्हणेना, शेठ रबर देईना, मिस्त्री सील तोडेना, पंप घुर्र करेना, पाणी टपकेना, टुबकीचं अंग भिजेना!"

काका म्हणाले, "पुसतो की, बाळे. पण पूजेचं कुंकू आहे. कोरड्या हाताने खरवडू नये. पाणी मिळू दे. मग मी कुंकू पुसेन."

टुबकी आपल्या डबक्याकडे गेली. डबकं आता टिकलीएवढं होतं. एवढंच पाणी. टुबकीचं सगळं पाणी.

टुबकी त्यात बसली. पोट भिजवलं. पाठ भिजवली. डबकं संपलं.

मग ती काकांच्या तळहातावर जाऊन बसली. टुबुक!

तिच्या पाठीला टेकून काकांचं बोट ओलं झालं. टुबकी कोरडी झाली.

काकांनी ओल्या बोटाने कुंकू पुसलं.
नंबर दिसला.
काकांनी तो फोनवर वाचला. ताई हो म्हणाली.
शेठने रबर दिलं.
मिस्त्रीने सील तोडलं. रबर बसवलं.
वचनही मोडलं नाही.

पंप म्हणाला, घुर्रर्र... टक! घुर्रर्र... टक!
नळी म्हणाली, टप टप टप.

टुबकीची पाठ भिजली. पोट भिजलं. टुबकीने एक उडी मारली. टुबुक!

काकांनी पंपाला पुन्हा कुंकू लावलं. या वेळी नंबराच्या बाजूला. चहाचं आधण ठेवलं. मग ते खाली वाकले. नारळाची एक करवंटी घेतली. नळीखाली ठेवली. ती पाण्याने काठोकाठ भरेपर्यंत थांबले.

टुबकी करवंटीत बसली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. आणि चहा प्यायला गेले.